आवडाबाईची पितळी वाटी

घाटाच्या पायथ्याशी एक छोटी पेठ होती. पेठेत सोनार होता, शिंपी होता, देवळापुढे हारवाला होता. पण दिवाळी तोंडावर आली की यांच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नसे. तेव्हा साऱ्या पेठेचं लक्ष एकाच दाराकडे, आवडाबाईच्या भट्टीकडे.

पंचक्रोशीत भट्टी तेवढी एकच होती. दिवाळीआधी बायका घरून मैदा, तूप आणि पिठीसाखर घेऊन तिच्या दारी येत. जिच्या घरचं सामान तिच्याच घरची नानखटाई, असा तिथला रिवाज. आवडाबाई सामान मोजून घ्यायची, मळायची, भाजायची आणि भट्टीचा वाटा काढून बाकीची नानखटाई जिची तिला डब्यात भरून द्यायची. नानखटाई अशी की वर नाजूक भेग पडलेली आणि जिभेवर ठेवली की विरघळलेली. म्हातारेकोतारे तर दात नसल्याचं दुःख त्या चार दिवसांत विसरून जात.

या सगळ्याचं श्रेय आवडाबाई एका पितळी वाटीला द्यायची. वाटी सासूकडून आलेली, काठ जरा चेपलेला, पण घासूनपुसून लखलखीत. दोन वाट्या मैदा, एक वाटी तूप, एक वाटी पिठीसाखर. झालं माप. कुणी काही शंका काढली की आवडाबाई वाटी वर धरून म्हणायची, "माणसं खोटं बोलतील, माझी वाटी बोलायची नाही."

खरी गोष्ट निराळीच होती. वाटी कधी कमीजास्त भरली, तर मळताना आवडाबाईच्या हाताला ते कळायचं. हात गुपचूप चमचाभर तूप वाढवायचा, नाहीतर मूठभर मैदा बाजूला सारायचा. सावरून घ्यायचा हात आणि कौतुक व्हायचं वाटीचं. पण ही गोष्ट आवडाबाईला स्वतःलाच ठाऊक नव्हती, तर ती दुसऱ्यांना कुठून सांगणार?

एका दिवाळीला वरच्या वाडीची सरजा आली. वाडी घाटात उंचावर, तिथून पेठेपर्यंत सगळी उतरण. सरजा नवी लग्न होऊन आलेली, डोक्यावर मैद्याचा डबा, हातात तुपाची किटली, आणि पहिल्यांदाच स्वतःच्या संसारातली नानखटाई करायला आलेली. चेहऱ्यावर आनंद नुसता मावत नव्हता.

"किती आणलायस मैदा?" आवडाबाईनं विचारलं.

"आठ वाट्या, काकू. तुमच्या वाटीएवढ्याच वाटीनं मोजलाय."

आवडाबाईनं डबा उघडला आणि मोजायला बसली. सात वाट्या भरल्या आणि डब्याचा तळ दिसला.

"सातच आहेत गं."

"असं कसं होईल? काकू, मी मोजूनच आणलाय हो."

रांगेतल्या बायका माना लांब करून बघू लागल्या. आवडाबाईनं वाटी वर धरली. "मग माझी वाटी खोटी म्हणतेस? वाटेत सांडला असेल तर सांडला म्हण, घरातच कमी होता तर कमी होता म्हण. पण मोजून आणलाय म्हणू नकोस. खोटं बोललेलं मला खपत नाही."

कुणीतरी फिसकन हसलं. सरजाचा चेहरा उतरला. तिनं मान खाली घालून नानखटाई होईस्तोवर वाट पाहिली, डबा उचलला आणि घाट चढून गेली. पुढच्या दिवाळीला ती आली नाही. आवडाबाईच्या ते ध्यानातही आलं नाही, कारण रांग तेवढीच लांब होती.

पण त्या वर्षी वेगळंच संकट उभं राहिलं. डोंगरावरची झाडं विरळ होत चालली म्हणून राजेसाहेबांनी रान राखीव केलं. परवानगीशिवाय कुणी एक फांदी तोडायची नाही, असा हुकूम निघाला. हुकूम चुकीचा नव्हता. पण भट्टीला लाकूड लागतं आणि ते भरपूर लागतं. आवडाबाईच्या परसातली मोळी संपली की भट्टी थंड होणार होती. भट्टी थंड झाली की आवडाबाईनं करायचं काय, आणि पेठेनं दिवाळीला खायचं काय?

आवडाबाई रडत बसणाऱ्यांपैकी नव्हती. तिनं उत्तम भाजलेल्या नानखटाईची करंडी भरली आणि लाकडाची परवानगी मागायला थेट राजवाड्यावर गेली. राजेसाहेबांच्या मातोश्री, आऊसाहेब, यांनी एक तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले. मग दुसरा टाकला.

राजेसाहेब म्हणाले, "आमच्या मुलीचं लग्न ठरलंय. आलेल्या सगळ्या पाहुण्यांच्या पानात ही नानखटाई हवी. हळदीच्या आदल्या दिवशी आम्ही चाखून बघू. अशीच झाली, तर तुमच्या भट्टीला कायमचं लाकूड. नाही झाली, तर मात्र हुकूम तुम्हालाही लागू."

"झालीच म्हणून समजा, सरकार," आवडाबाई म्हणाली.

अडचण एवढीच होती, की राजवाड्याच्या मुदपाकखान्यात बाहेरच्या माणसाचा हात पिठाला लागत नसे. सामान कोठीतून निघायचं, वाड्यातले आचारी मळायचे, आवडाबाईनं फक्त भट्टीवर बसायचं. आणि कोठीत वाट्याबिट्या चालत नसत. तिथे सगळं तराजूवर. "कशाचं किती वजन, तेवढं कळवा," असा निरोप घेऊन स्वारच पेठेत आला आणि घोड्यावरून न उतरता उत्तराची वाट बघत उभा राहिला.

आवडाबाईनं शेजारच्या भीमाण्णाला हाक मारली. भीमाण्णा बाजारातला तोलार. धान्याची पोती, गुळाच्या ढेपा, मिरच्यांचे ढीग, सगळं तोलून देण्यात त्याचं आयुष्य गेलेलं. आवडाबाईला जेवढा वाटीचा अभिमान तेवढाच त्याला तराजूचा. तो आला, तराजू टांगला, रिकाम्या वाटीचा भार दुसऱ्या पारड्यात खडे टाकून सारखा केला. समोर तुपाची किटली होतीच, त्यातलं तूप वाटीत काठोकाठ भरून तोललं.

"पावशेर. काटा बघ कसा सरळ उभा आहे."

"म्हणजे माझी वाटी पावशेराची. मग दोन वाट्या मैदा म्हणजे अर्धा शेर, साखर पावशेर, तूप पावशेर. सांग त्याला."

भीमाण्णानं डोकं खाजवलं. "मैदा पण तोलून बघू का एकदा? तराजू लावलेलाच आहे."

"कशाला? वाटी तीच आहे ना? मैदा भरला म्हणून वाटी लहान होते का मोठी होते?"

भीमाण्णाला हे पटलं. खरं सांगायचं तर तिथे जमलेल्या सगळ्यांनाच पटलं. वाटी बदलत नाही हे शेंबड्या पोरालाही दिसत होतं. मैदा म्हणजे तूप नव्हे, एवढंच कुणाला दिसलं नाही. स्वार निरोप घेऊन गेला आणि आवडाबाई निश्चिंत मनानं जेवायला बसली.

हळदीचा आदला दिवस उजाडला. वाड्याच्या अंगणात भट्टी पेटली. मुदपाकखान्यातून वळलेल्या नानखटाईची ताटं आली. गोळे कडेनं फुटलेले, रंगानं पांढुरके. मैदा मिळून येईना म्हणून आचाऱ्यांनी दुधाचे हबके मारून कसाबसा तो एकत्र आणला होता. आवडाबाई मनात जरा चरकली. पण लगेच तिनं स्वतःला समजावलं, 'वाड्यातले हात, त्यांना कुठली वळणार!' आणि ताटं भट्टीत सारली.

नानखटाई भाजून आली. आऊसाहेबांनी हौसेनं एक उचलली आणि दाताखाली धरली. कट्टकन आवाज झाला. सगळ्यांना वाटलं नानखटाई मोडली. नानखटाई तशीच होती. आऊसाहेब मात्र गाल धरून बसल्या होत्या.

राजेसाहेबांनी एक घेतली आणि परातीवर आपटली. परात वाजली, नानखटाईला ओरखडाही आला नाही. कुणाची हसायची हिंमत झाली नाही.

"आवडाबाई, हे काय आहे?"

आवडाबाईला रानातली लाकडं दिसली, थंड भट्टी दिसली, राख दिसली. तिनं एक नानखटाई फोडायचा प्रयत्न केला आणि तिच्या हातानं तिला लगेच सांगितलं, की यात तूप पुरेसं नाही.

"तूप... तूप कमी पडलंय, सरकार," ती म्हणाली.

एवढंच म्हणायची खोटी, सगळ्यांच्या नजरा कोठीवाल्या जिवाजीकडे वळल्या. जिवाजी म्हातारा झालेला, वाड्याच्या कोठीत केस पिकलेले. कोठीतलं तूप हल्ली लवकर संपतं, अशी कुजबुज वाड्यात आधीपासून होतीच. राजेसाहेबांचा आवाज चढला.

"म्हणजे आमच्या कोठीतून तूप कमी निघालं? स्पष्ट सांगा, बाई. तसं असेल तर तुमचा दोष नाही. तुमचं लाकूड तुम्हाला मिळेल."

आता आवडाबाईनं फक्त मान हलवायची होती. मान हलवली की भट्टी वाचत होती. आणि तिला तरी कुठे माहीत होतं, की तूप खरंच कमी निघालं नाही म्हणून? तिचं माप तर चुकणारं नव्हतंच. चुकलंच असेल तर दुसऱ्या कुणाचं.

जिवाजी पुढे आला. त्याला राजेसाहेबांकडे बघायचं धाडस झालं नाही. तो तिच्याकडेच बघून म्हणाला, "बाई, मी मोजूनच दिलंय हो."

आवडाबाई दचकली. हे शब्द तिनं ऐकलेले होते. अगदी याच सुरात. वरच्या वाडीची ती पोर, तिचा उतरलेला चेहरा, कुणाचं तरी ते हसू, सगळं तिच्यासमोर उभं राहिलं. तेव्हा तिनं एका क्षणात निवाडा दिला होता, आणि तेव्हाही दुसरं काही तपासलं नव्हतं.

"सरकार," ती म्हणाली, "मला एक तराजू द्या. आधी तोलून बघते, मग बोलते."

असं वाक्य आवडाबाईच्या तोंडून जन्मात पहिल्यांदाच निघालं असेल. तराजू आला. तिनं पदरात बांधून आणलेली पितळी वाटी काढली, आणि भीमाण्णानं केलं होतं तसंच आधी रिकाम्या वाटीचा भार खड्यांनी सारखा केला. मग तुपानं वाटी काठोकाठ भरली. पावशेर. आतापर्यंत तिचं म्हणणं खरं होतं. मग वाटी पुसून तिनं चाळलेला मैदा काठोकाठ भरला आणि समोरच्या पारड्यात तेच पावशेराचं वजन ठेवलं.

वजनाचं पारडं खाली बसलं आणि मैद्याचं वर तरंगत राहिलं. आवडाबाईनं वजन कमी केलं, आणखी कमी केलं. काटा सरळ झाला तेव्हा पावशेराच्या निम्म्याहून जरासंच जास्त वजन पारड्यात उरलं होतं. पिठीसाखरेचीही तीच गत. तीन पदार्थ, एकच वाटी, आणि तुपाच्या वजनापाशी बाकीचं कुणी पोचत नव्हतं.

आऊसाहेब गाल चोळत हे सगळं बघत होत्या. "मैदा दाबून भरला तर?" त्यांनी विचारलं.

आवडाबाईनं वाटी आपटून आपटून दाबून भरली. मैदा खाली बसला, वर जागा झाली, तिथे आणखी मैदा मावला. पारडं चांगलंच खाली आलं. तोच मैदा आणि तीच वाटी असूनही हिशेब निराळा झाला.

ती वाटीकडे बघत राहिली. डोक्यावर डबा, सगळी उतरण, पावलागणिक बसणारा हादरा. डब्यातला मैदा खाली बसेल नाही तर काय होईल? आठाच्या सात होतीलच. सरजाच्या घरी आठ वाट्या होत्या आणि भट्टीपाशी सात होत्या, आणि वाटेत चिमूटभरही सांडला नव्हता.

तिनं वाटी खाली ठेवली आणि हात जोडले. "सरकार, जिवाजींनी तूप बरोबर दिलंय. तूप कमी नव्हतं, मैदा दुपटीच्या घरात होता. आणि तेवढा मैदा घ्या असं मीच कळवलं होतं. तूप तोललं आणि बाकीचं न तोलताच सांगून मोकळी झाले. चूक माझी आहे."

जिवाजीनं डोळे पुसले.

"हे कबूल केल्यानं तुमच्या लाकडाचं काय होईल, माहीत आहे ना?" राजेसाहेबांनी विचारलं.

"माहीत आहे. लाकडाचं सरकारांनी ठरवावं. पण लग्नात पाहुण्यांचे दात पडायला नकोत. एकदाच पिठाला हात लावू द्या."

आऊसाहेबांना हसू आवरेना. "लाव गं बाई, लाव. रिवाज राहू दे बाजूला, माझे उरलेले दात महत्त्वाचे."

आवडाबाईनं पदर खोचला. एकेक पदार्थ वाटीनं भरायचा आणि लगेच तोलायचा, असं करत तिनं प्रत्येकाचं वेगळं वजन ठरवलं. मैदा आधी चाळून मगच वाटीत घेतला. एकदा वजन ठरल्यावर मात्र तिच्या ध्यानात आणखी एक गंमत आली. तोललेला मैदा दाबा नाहीतर फुगवा, तो तेवढाच भरतो. वाटी फसते तिथे तराजू फसत नाही, आणि तराजूला जे सांगायचं ते आधी वाटीलाच विचारावं लागतं. दोघांचं भांडण नव्हतंच. भांडण लावलं होतं ते माणसांनी.

मग तिनं मळायला घेतलं. पीठ लोण्यासारखं हाताखाली आलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. भट्टीतून ताट बाहेर निघालं तेव्हा प्रत्येक नानखटाईवर नाजूक भेग होती. आऊसाहेबांनी या वेळी आधी बोटानं दाबून बघितलं, मग तोंडात टाकली आणि डोळे मिटले.

"द्या हिला लाकूड," डोळे न उघडताच त्या म्हणाल्या. "स्वतःची चूक जिला चारचौघांत सांगता येते, तिच्या हाती विस्तव द्यायला भीती नाही."

लग्न थाटात झालं. भट्टीच्या मागे लाकडांची रास पडली. पण आवडाबाईला घास गोड लागेना. दिवाळी जवळ आली, रांग लागायचा दिवस ठरला, आणि त्या दिवशी भल्या सकाळी आवडाबाई भट्टी न पेटवताच घाट चढू लागली. धापा टाकत वरच्या वाडीला पोचली. सरजा अंगण सारवत होती. आवडाबाईला बघून ती घाबरून उभी राहिली.

"आठ वाट्या मैदा मोजून घे," आवडाबाई म्हणाली. "चाळून घे. आणि चल माझ्याबरोबर."

"नको काकू. मी यंदा करंज्याच केल्यात."

"तुझी नानखटाई राहू दे एकीकडे. माझं एक काम राहिलंय, ते तुझ्याशिवाय होणार नाही. चल, पोरी."

सरजानं मैदा मोजला. उतरताना डबा आवडाबाईनं आपल्या डोक्यावर घेतला. प्रत्येक पावलाला डबा हादरत होता, आणि प्रत्येक हादऱ्याला आवडाबाईच्या तोंडून हुंकार निघत होता.

भट्टीपाशी बायका खोळंबून बसल्या होत्या. आवडाबाईनं डबा सगळ्यांच्या मधोमध ठेवला आणि पितळी वाटीनं मैदा मोजला. सात वाट्या भरल्या. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. सरजाचे डोळे भरून आले. मग आवडाबाईनं तोच मैदा परातीत चाळला, भुरभुरीत केला, आणि पुन्हा मोजला. या वेळी आठ भरल्या.

"बघितलंत?" ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "घाट उतरताना मैदा खाली बसतो. ही खरं बोलत होती. मी तुमच्यादेखत हिला खोटं ठरवलं, म्हणून तुमच्यादेखतच सांगते, खोटी मी ठरले. सरजा, मला माफ कर."

सरजा हळूच म्हणाली, "काकू, तेव्हापासून मी घरात काहीही मोजलं की दोनदोनदा मोजते. मला वाटायचं, माझाच हात खोटा आहे."

आवडाबाईनं वाटी सरजाच्या हातात दिली. "आज रांगेतल्या सगळ्यांचं तू मोज," ती म्हणाली. सरजानं डोळे पुसले आणि पाटावर बसली. फिसकन हसणारी जी कोण होती, तिनं आपला डबा सगळ्यांत आधी पुढे सरकवला.

त्या दिवसापासून भट्टीच्या दारात पितळी वाटीशेजारी एक तराजू टांगलेला असतो. मैदा आधी चाळला जातो, मग मोजला जातो, आणि तरीही कमी भरला तर आवडाबाई पहिलं वाक्य बोलते ते एवढंच, "थांब, माझं काही चुकतंय का बघते."

तात्पर्य: आपलं माप कितीही जुनं आणि लाडकं असो, एकाच मापानं सगळ्यांना जोखू नये, आणि आपल्या मोजण्यापायी कुणी खोटं ठरलं असेल, तर जिथे बोललो तिथेच, तेवढ्याच मोठ्यानं, ते परत घ्यावं.